विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला गुण देण्याआधी

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळच्या बाजूला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा सगळ्या शाखांची राज्यभरातली महाविद्यालयं संलग्न आहेत. खुद्द जिल्ह्यातही आडगावपासून इगतपुरी तालुक्यातल्या धामणगावपर्यंत आणि पंचवटीपासून मालेगावपर्यंत ही कॉलेजं पसरलेली आहेत. त्यामुळे इथे शिकवणाऱ्या किंवा नुसता दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही कधीतरी फोन येतोच: "सर, मुलांच्या प्रकल्पांना परीक्षक म्हणून याल का?" कधी निमित्त 'आविष्कार'चं असतं. राज्यपाल म्हणजेच कुलपती यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेलं हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन, त्यात वैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राचा स्वतंत्र गट असतो. कधी कॉलेजचा स्वतःचा संशोधन दिन असतो, कधी एखाद्या विषयाच्या संघटनेची परिषद.

होकार देणं सोपं असतं. पेच उभा राहतो तो सभागृहात गेल्यावर. समोर चाळीस पोस्टरं, हातात गुणपत्रिका, जेवणाआधी निकाल हवा. सगळी पोस्टरं देखणी, सगळी मुलं तयारी करून आलेली, आणि प्रत्येक गटामागे त्यांचे सर किंवा मॅडम अदबीने उभे. अशा वेळी गुण कशाला द्यायचे, हे आधी मनाशी पक्कं नसेल तर ते आपोआप चांगल्या छपाईला, सफाईदार इंग्रजीला आणि मोठ्या कॉलेजच्या नावाला जातात. परीक्षकाचं काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. विद्यार्थ्यांच्या उपक्रमांच्या पुरस्कारात मोजायची वस्तू म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः घेतलेला निर्णय. त्या निर्णयाचा माग काढणं हेच आपलं काम आहे.

माग काढायचा तर पोस्टरवरचा निष्कर्ष विचारून सुरुवात करू नका, तो तर लिहिलेलाच असतो. "हा विषय कुणाच्या डोक्यात, कधी आला?" इथून सुरुवात करा. त्यानंतर, "सुरुवातीला काय करायचं ठरवलं होतंत आणि शेवटी काय झालं? मधे काय बदललं, आणि बदलायचं कुणी ठरवलं?" ज्या गटाने खरंच काम केलं आहे, तिथे या प्रश्नावर दोघं-तिघं एकदम बोलायला लागतात. एक म्हणतो प्रश्नावली लांब होती, दुसरी म्हणते नाही, आपण ती बायकांना भरदुपारी विचारत होतो म्हणून त्या कंटाळत होत्या. असा मतभेद ऐकू आला की निर्धास्त व्हा, काम यांचंच आहे. आणि जिथे मुलं उत्तर देण्याआधी मागे उभ्या असलेल्या सरांकडे बघतात, तिथे सरांना नम्रपणे चहाला पाठवा. खरंच पाठवा. पाच मिनिटं मुलांशी एकट्याने बोलल्याशिवाय गुण लिहू नका.

याचा अर्थ शिक्षकाचा हात लागला की प्रकल्प बाटला, असा मात्र नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्यांवर मुलं केवळ वापरली जातात, सजावटीला उभी केली जातात किंवा नावापुरती घेतली जातात. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र मुलं एकटी नसतात. पुढाकार मुलांचा आणि निर्णय मोठ्यांच्या सोबतीने, अशी ती पायरी आहे. हार्ट लहान मुलांबद्दल लिहीत होते, पण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते जसंच्या तसं लागू पडतं. ज्याने संख्याशास्त्राची अडचण घेऊन स्वतः सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचं दार ठोठावलं, त्याला मदत घेतल्याबद्दल गुण मिळायला हवेत. दोष तिथे आहे, जिथे विषय सरांचा, नमुना सरांचा, विश्लेषण बाहेरून करून आणलेलं आणि मुलांच्या वाट्याला फक्त पोस्टरसमोर उभं राहणं.

याच कारणाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट तपासायलाच हवी. एमडी-एमएसला प्रबंध सक्तीचा असतो. तोच प्रबंध वर्षभराने 'विद्यार्थ्याचा उपक्रम' म्हणून स्पर्धेला येतो. संशोधन म्हणून तो उत्तम असेलही, पण सक्तीने केलेलं काम आणि आपणहून हाती घेतलेलं काम एका तराजूत तोलू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. तिच्यातून आलेलं काम निराळं ठरू शकतं, कारण तिथे विद्यार्थी स्वतः प्रस्ताव लिहितो. तरीही विचाराच: प्रस्तावाचा पहिला मसुदा कुणी लिहिला?

आता प्रकल्पांच्या जातीकडे येऊ. ढोबळमानाने दोन प्रकार समोर येतात आणि परीक्षक ते एकमेकांत मिसळतात. पहिला प्रकार समाजातल्या आरोग्याचा: सुरगाण्यात सिकलसेलची तपासणी, पेठमध्ये गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, मालेगावात यंत्रमाग कामगारांचा खोकला. दुसरा प्रकार शिक्षणाचाच: वरच्या वर्गाच्या मुलांनी पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राची उजळणी करून देणं, वसतिगृहात ताणाखाली असलेल्या मुलांसाठी सोबत्यांचा गट उभारणं, नर्सिंग आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून रुग्ण पुढच्या पाळीच्या हवाली करण्याचा सराव करणं. पहिल्या प्रकारात आकडे दिसतात, गाव दिसतं, फोटो दिसतात, त्यामुळे बक्षिसं तिकडेच जातात. वैद्यकीय शिक्षणातल्या उपक्रमांचा पुरस्कार असेल तर दुसऱ्या प्रकाराकडे जास्त बारकाईने बघा, कारण त्यातल्या मुलांनी आपल्याच संस्थेत काहीतरी हलवून दाखवलं आहे, आणि ते गावात शिबिर भरवण्याइतकंच अवघड असतं.

एक कल्पित उदाहरण घेतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानातून किंवा केरळातून आलेली मुलगी वॉर्डात पहिल्यांदा उभी राहते तेव्हा "पोटात कळ येते", "अंग मोडून आलंय", "घाबरं होतंय" हे तिला कळत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची ओळख आहे, पण ती ओळखच. समजा, तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी ओपीडीत बसून रुग्णांच्या तोंडचे शब्द टिपले, त्यांची पुस्तिका केली, नव्या मुलांसोबत आठवड्यातून एकदा वॉर्डात उभं राहून सराव घेतला. पोस्टर साधं असेल. पी-व्हॅल्यू नसेल. अशा प्रकल्पासमोर परीक्षकाने थांबायला हवं. गरज त्यांनी स्वतः ओळखली आहे, उपाय त्यांच्या आवाक्यातला आहे, आणि रुग्णाला त्याचा उपयोग त्याच आठवड्यात होतो.

पण थांबल्यावर पुढचा प्रश्नही त्यांना विचारायला हवा: उपयोग झाला हे कशावरून? इथे १९५९ साली डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी मांडलेल्या चार पायऱ्या फार कामाला येतात. शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून काही परिणाम झाला का. आपल्याकडचे निम्म्याहून जास्त उपक्रम पहिल्या पायरीवरच थांबलेले असतात, असं माझं निरीक्षण आहे. "९५ टक्के विद्यार्थ्यांना कार्यशाळा उपयुक्त वाटली" ही ओळ पोस्टरवर ठळक अक्षरांत असते. प्रमाणपत्र मिळण्याआधी भरून घेतलेल्या अर्जावर दुसरं काय येणार? दुसरी पायरी म्हणजे आधीची चाचणी आणि नंतरची चाचणी. ती दुपारी त्याच खोलीत, त्याच प्रश्नांची घेतली असेल तर तिचं मोल थोडं. दोन महिन्यांनी पुन्हा घेतली असेल तर बरंच जास्त, मग गुण खाली आलेले दिसले तरी हरकत नाही. खाली आलेले गुण मुलांनी पोस्टरवर दाखवले असतील तर त्या प्रामाणिकपणाची नोंद गुणपत्रिकेवर झालीच पाहिजे.

तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत पदवीचा विद्यार्थी क्वचितच पोहोचतो आणि तशी अपेक्षाही धरू नये. वॉर्डातल्या सिस्टरनी "हल्ली ही मुलं रुग्णाला नावाने हाक मारतात" असं सांगितल्याची नोंद कुणी ठेवली असेल, तर तो पुरावा छोटा आहे पण तिसऱ्या पायरीवरचा आहे. आकड्यांच्या धाकात तो सुटू देऊ नका.

समाजातल्या प्रकल्पांबाबत नाशिक जिल्हा परीक्षकाला एक वेगळी कसोटी देतो. पावसाळा सरला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची आदिवासी कुटुंबं निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणीपासून खुड्यापर्यंत पुष्कळ घरांना कुलूप असतं. ऑगस्टमध्ये पाड्यावर तपासणी करून जानेवारीत पुन्हा गेलेल्या गटाला निम्मे लोक सापडत नाहीत. एक गट पोस्टरवर "पाठपुराव्यात गळती" एवढंच लिहितो. दुसरा गट माणसं कुठे गेली ते विचारतो, आणि पुढची तपासणी बागेवर जाऊन करतो किंवा तपासणीचा महिनाच बदलतो. आकडे दोघांचे सारखेच अपुरे असतील, पण दुसऱ्या गटाला जिल्हा समजला आहे. तसंच भाषेचं. संमतिपत्र छापील प्रमाण मराठीत आणि समोरची आजी कोकणा बोलणारी, तर ती संमती कशी घेतली? आशाताईंनी समजावून सांगितलं असेल तर आशाताईंचं नाव ऋणनिर्देशात आहे का? मालेगावात प्रश्नावली उर्दूत होती का? हे प्रश्न विचारले की पाड्यावर प्रत्यक्ष जाऊन बसलेली मुलं आणि तिथे फोटोपुरती उतरलेली मुलं पाच मिनिटांत वेगळी होतात.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कुटुंब दत्तक उपक्रमामुळे आता एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात, त्यामुळे असे प्रकल्प आणखी येणार. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची परंपरा याच्या कितीतरी आधीची आहे. तिथल्या पद्धतीतली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच कुटुंबांशी टिकणारं नातं. म्हणून दत्तक कुटुंबांवरचा प्रकल्प समोर आला की विचारा, "शेवटचं कधी गेला होतात? त्या घरात आता काय चाललंय?" ज्याला घरातल्या माणसांबद्दल सांगता येतं, त्याच्याशी पुढे बोला.

नीतीचा भाग परीक्षक घाईत सोडतात आणि तो सोडू नये. माणसांवरच्या संशोधनाला संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते, आणि ती काम सुरू होण्यापूर्वीची हवी. अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विद्यार्थ्यांनाही असुरक्षित गटात धरलं आहे, कारण वरिष्ठांना नाही म्हणणं त्यांना जड जातं. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षावर काही प्रयोग केला तर "नको म्हणणाऱ्याचं काय केलंत?" हा प्रश्न आलाच. पोस्टरवर रुग्णाचा किंवा बाळाचा ओळखू येणारा चेहरा असेल तर लेखी परवानगी मागा. नसेल तर त्या गटाला वर चढवू नका, काम कितीही चांगलं असो. या एका बाबतीत मी मवाळ व्हायला तयार नाही. ती बाई आपल्या पोराचा फोटो सभागृहात टांगायला तपासणीला आली नव्हती.

प्रत्यक्ष गुण कसे वाटायचे? चार्ल्स ग्लासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये विद्वत्तेचं काम पारखण्यासाठी सहा निकष मांडले: स्पष्ट उद्दिष्ट, पुरेशी तयारी, योग्य पद्धत, अर्थपूर्ण निष्पत्ती, परिणामकारक मांडणी आणि स्वतःच्या कामाकडे चिकित्सक नजरेने बघणं. विद्यार्थ्यांच्या उपक्रमांसाठी मी ते थोडे हलवतो. शंभरातले पंचवीस पुढाकाराला, म्हणजे निर्णय कुणाचे होते याला. गरज नीट ओळखली का आणि आधी कुणी काय केलं हे वाचलं का, याला पंधरा. पद्धत आणि नीती मिळून पंधरा. पुरावा आणि घडलेला बदल यांना वीस. ही तुकडी गेल्यावर काम कोण चालवणार, याला पंधरा. काय फसलं आणि त्यातून काय समजलं हे सांगता येण्याला दहा. मांडणीला वेगळे गुण नाहीत. ती चांगली असेल तर बाकीचं समजायला मदत होतेच, दुप्पट मोबदला कशाला?

तुकडी गेल्यावर काय, या प्रश्नाला पंधरा गुण जास्त वाटतील. पण कॉलेजातले बहुतेक उपक्रम इंटर्नशिप लागली की मरतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात ओतलेलं कष्टाचं वर्ष वाया जातं आणि पुढची मुलं तेच शून्यातून करतात. ज्या गटात खालच्या वर्गाचे दोघं आहेत, कामाची वही आहे, पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये अडकलेला नाही, त्या गटाने पुढचा विचार केला आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने याची गरज आणखी वाढेल. २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिककर असलेल्या एमआयटीच्या रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' भरलं होतं आणि शहराच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधावेत ही सवय इथे रुजली. २०२७ साठी पुन्हा ॲप, फलक, हरवलेल्यांची नोंद, उष्माघाताचे सल्ले असे प्रकल्प येतील. प्रत्येक ॲपवाल्याला विचारा: हे ज्यांच्यासाठी केलंत त्यांतल्या कुणी ते तुमच्यासमोर वापरून बघितलं का, आणि पर्वणी आटोपल्यावर हे कुणाच्या हाती सोपवणार?

विद्यापीठाने किंवा आयोजकांनी स्वतःची छापील गुणपत्रिका दिली असेल तर ती बदलण्याचा अधिकार आपला नाही. रकाने त्यांचे, प्रश्न आपले. 'नावीन्य' असा रकाना असेल तर जगात नवं का हे न बघता या कॉलेजात, या मुलांसाठी नवं का, हे बघता येतं. आयोजकांशी मात्र आधी बोला. चाळीस प्रकल्पांना आठ-आठ मिनिटं द्यायची तर एका परीक्षकाला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. दोन तासांत ते होणार नाही. मग आधी दोन पानी लेखी गोषवारा मागवून बारा-पंधराच प्रकल्प समोर बोलवा, किंवा परीक्षक वाढवा.

परीक्षक वाढले की दुसरी अडचण येते. एक जण हात राखून साठ-सत्तर देतो, दुसरा सढळ हाताने ऐंशी-नव्वद. मग बेरजेने निकाल लावला तर सगळी बक्षिसं सढळ परीक्षकाच्या रांगेतून जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय सोपा आहे. सकाळी सगळ्या परीक्षकांनी मिळून दोन प्रकल्प बघायचे, स्वतंत्र गुण द्यायचे, मग कागद समोरासमोर ठेवून फरक का पडला यावर बोलायचं. अर्धा तास जातो, पण तो सत्कारी लागतो. आणि शेवटी प्रत्येक रांगेतले वरचे दोन-तीन प्रकल्प सगळ्यांनी मिळून पुन्हा बघायचे. आपल्या कॉलेजचा, आपल्या विद्यार्थ्याचा, नातलगाचा गट असेल तर त्याचे गुण द्यायचेच नाहीत. हे आयोजकांना आदल्या दिवशी कळवा, ऐन वेळी कुजबुजू नका.

शाखांचा प्रश्न नाशिकला विशेष येतो, कारण इथे सगळ्याच शाखा एका मांडवाखाली भेटतात. ॲलोपॅथीच्या परीक्षकापुढे आयुर्वेदाचा गट आला की पॅथीचा वाद घालायची ती जागा नसते. गरज काय होती, निर्णय कुणाचा, पुरावा काय, हे तिन्ही प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा आणि तेवढ्याच कडकपणे विचारा. नर्सिंगच्या मुलींकडे बघताना त्यांच्या वेळापत्रकाचं भान ठेवा. वॉर्डातली ड्युटी, वर्ग आणि वसतिगृहाची वेळ सांभाळून त्यांनी जे केलंय, ते दुपार मोकळी असलेल्या गटाच्या कामापेक्षा आकाराने लहान असणारच. मोठ्या खाजगी संस्थेतल्या प्रकल्पाला प्रयोगशाळा आणि निधी मिळालेला असतो, तेव्हा हाताशी काय होतं आणि त्यातून काय उभं केलं, हे बघावं.

आणि सुरुवातीलाच सांगून टाका: "मराठीत बोललात तरी चालेल, हिंदीतही." त्या एका वाक्याने सभागृहातला अर्धा ताण उतरतो. गटात मागे उभ्या असलेल्या, एकही शब्द न बोललेल्या मुलीला किंवा मुलाला थेट विचारा, "यात तुझं काम कोणतं होतं?" अनेकदा सगळी नोंदवही तिच्याच अक्षरात असते. हल्ली गोषवारा आणि पोस्टरचा मजकूर एआयकडून लिहून घेतलेला असतो. त्यावर चौकशी बसवण्यापेक्षा एक वाक्य बोटाने दाखवून "हे मला तुझ्या शब्दांत सांग" म्हणा. सांगता आलं तर प्रश्न मिटला, नाही आलं तर गुण कापा.

कधी कधी पहिल्या क्रमांकाच्या योग्यतेचं काहीच नसतं. तेव्हा पहिलं बक्षीस राखून ठेवण्याची शिफारस करायला कचरू नका. आयोजकांना अवघड वाटेल, पण पुढच्या वर्षीच्या मुलांना पट्टी कळेल. निकालाची यादी देऊन मात्र आपलं काम संपत नाही. बक्षीस न मिळालेल्या प्रत्येक गटाला दोन ओळी लिहून द्या, आठवड्याच्या आत: एक ओळ कशात जोर होता याची, दुसरी पुढच्या वेळी नेमकं काय करावं याची. "छान प्रयत्न" लिहू नका. "दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या आणि दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी गटात घ्या" असं लिहा. आयोजकांकडे त्याची प्रत ठेवा. तोच गट पुढच्या वर्षी आला तर त्या वेळच्या परीक्षकाला ती आधी वाचायला मिळाली पाहिजे.